पेवाच्या कडेची ज्वारी

वैशाख लागला की आमच्या गावात घरोघरी वर्षाचं धान्य उन्हात पडतं. अंगणात, धाब्यावर, देवळाच्या ओट्यावर, जिथं म्हणून सपाट तापलेली जागा सापडेल तिथं जुनी लुगडी अंथरतात आणि त्यांवर ज्वारी, गहू, तूर पसरतात. बायका अनवाणी पायांनी दाण्यांतून रेघा ओढत फिरतात, म्हणजे खालचा दाणा वर येतो. एका कडेला कडुलिंबाचा पाला वाळत असतो, तो कणगीत धान्याच्या थरांमध्ये घालायचा. साऱ्या आळीला एक कोरडा, गोडसर वास सुटतो. शेजारच्या सूनबाईला तो फार आवडतो. "घर भरल्यासारखं वाटते, नाही का हो बाई?" असं ती दरवर्षी म्हणते. मी मान हलवते आणि पदर नाकाशी धरून आत जाते. त्या दिवसांत मला भाकरी जात नाही. घरच्यांना वाटतं, हिला ऊन बाधतं.

ऊन बाधत नाही. त्या गोडसर वासाच्या खालून मला दुसराच एक वास येतो. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या गोणपाटाचा, आंबलेला, जरा दारूकडे झुकणारा. तो त्या लुगड्यांवर कुठं नसतो. तो माझ्या घशात असतो.

मी बोलकी बाई नाही. शाळेत पोरींना शिकवण्यापुरतं बोलते. "हिच्याकडून गोष्ट काढायची म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडायचा," असं आमचे हे पोस्टात येणाऱ्या-जाणाऱ्यांना हसत सांगायचे. माझ्या गप्प बसण्याला गावानं सज्जनपणा मानलं आणि मीही मानू दिलं. गप्प माणसाचं एक असतं. तो क्वचित बोलतो, म्हणून बोलला की लोक ते खरं धरतात. एवढी एकच पुंजी माझ्यापाशी होती, आणि ती मी एका दुपारी, एका घासावर उडवली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा होता. आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या रस्त्यावर. त्या वर्षी त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं नुसती खडी फोडत बसलेली दिसत. डोक्यावर फडकं, पुढ्यात दगड, आणि दिवसभर ठक ठक ठक. शाळेच्या खिडकीतून तो आवाज यायचा आणि पोरींचे पाढे त्याच्याच तालावर चालायचे. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. कामावर सुकडी, भाजक्या पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. अंगात जोर होता त्यांचं कसंबसं निभत होतं. प्रश्न होता कामावर जाऊ न शकणाऱ्यांचा: म्हातारी, आजारी, पांगळी माणसं, बाळंतिणी. त्यांच्यासाठी गावात एक धान्यकोठी काढावी, ही कल्पना आम्हा चार शिकलेल्या घरांतून निघाली. आम्हाला तिचा केवढा अभिमान होता!

कोठी म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगची एक शेड. आत सरकीचा तेलकट वास अजून भिंतींना होता. धान्य कुठून आणायचं, तर मुठीतून. प्रत्येक घरानं रोज सकाळी दळणाला दाणे काढताना एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची. बाजाराच्या दिवशी आम्ही बायका दारोदार जाऊन ती गाडगी रिकामी करून आणायचो. ऐकायला किती गोड वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या बाजाराला गाडगी शेडमध्ये ओतली तेव्हा ढीग हलायला लागला. खरंच हलायला लागला. टोके! दाण्यांतून निघून ते माझ्या मनगटावर चढले, पोलक्याच्या बाहीत गेले. कंपाउंडरांच्या पत्नी सिंधूताई, त्या आमच्यात पुढारी, झटकत हसत म्हणाल्या, "अग बाई, गावानं कोठी उघडली का कणग्या झाडल्या?"

झाडल्याच होत्या. प्रत्येक घरानं आपल्या दळणासाठी वरचे दाणे घेतले होते आणि मूठ भरताना हात तळाशी घातला होता. कणी, भुसा, उंदराच्या लेंड्या, टोके, चाळणीतून पडलेली सगळी घाण. गावात एकही घर असं नव्हतं की जिथून चांगली मूठ आली. हे मी कोणाच्या तरी नावानं सांगते आहे असं वाटेल, म्हणून आधी माझं सांगते. माझंही गाडगं त्यातच होतं. मीही रोज सकाळी हात तळाशीच घालत होते. कोणी शिकवलं नव्हतं. कोणाशी बोलणं झालं नव्हतं. द्यायचं म्हटलं की आपल्या सगळ्यांचा हात आपोआप तळाशी जातो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं आणि त्यानंतर दानधर्माचं कीर्तन ऐकलं की माझ्या मनगटावरून काहीतरी चालल्यासारखं वाटतं.

किळस ही मोठी सोयीची गोष्ट आहे. ती आधी समोरच्याचीच येते. मला पहिल्यांदा किळस आली ती घ्यायला येणाऱ्यांची. आता लिहिताना बोटं जड होतात, पण तसंच होतं. त्यांच्या अंगाचा घामट वास, डोळ्यांच्या कडेला साचलेली घाण, पुढं सरकायची धडपड, "मले दे वं, मले दे वं," म्हणून पसरलेले हात. वाटप करून घरी आले की मी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची. शिवलेली कोणालाच नसायची. शिवू नये म्हणून तर सिंधूताई अधोली हातभर उंच धरून ओतायच्या. माप त्यांच्या भांड्याला लागायला नको. पुढं आम्ही पीठ द्यायला लागलो तेव्हा त्या उंचीवरून ते उडायचं आणि खाली वाकलेल्या बायकांच्या केसांवर, भुवयांवर बसायचं. घटकेत म्हाताऱ्या व्हायच्या बिचाऱ्या. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या. त्या का हसायच्या हे आता कळतं. हसल्या नसत्या तर पुढच्या खेपेला अधोली अर्धीच भरली असती.

पीठ का द्यायला लागलो, ती माझी गोष्ट आहे.

मुठीच्या धान्यावर कोठी पुरेना. तेव्हा नानासाहेब पुढं आले. गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, गोरेपान, बोलण्यात साखर. त्यांच्या शेतात ज्वारीचं एक जुनं पेव होतं. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: मुरमाच्या जमिनीत पुरुषभर खोल खड्ड्याला आतून कडबा लावायचा, त्यात ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं दाणा टिकतो. मधला दाणा टिकतो. कडेचा मातीची ओल घेतो, काळा पडतो, आंबतो. ज्यानं त्यानं तो वेगळा काढून ढोरांपुढं टाकावा किंवा उकिरड्यात.

नानासाहेबांनी पेव उघडलं त्या दिवशी नारळ फुटला, हार झाले, तालुक्याहून कोणी पाहुणा आला होता त्यानं दात्याचे गुण गायले. पेवातली विषारी वाफ निवळून जाईपर्यंत सगळे लांब उभे होते. मग गडी उतरले. मधली ज्वारी, मोत्यासारखी, मलकापूरच्या बाजाराकडे गेली. कडेची कोठीत आली. पोती उतरवली तेव्हा शेडमधला सरकीचा वाससुद्धा मागं हटला. मी मूठभर दाणे हातावर घेतले. ते हाताला ओलसर, गार लागले, उन्हाळ्यातल्या भर दुपारी गार. चोळले तर बोटांना काळा चिकटा.

पहिल्या वाटपाला बायकांनी ते दाणे पदरात घेतले आणि जागच्या जागी वास घेतला. मग तशाच पुढं सरकल्या. पण गेल्यावर शेडच्या बाहेर, बाभळीखाली, त्या सगळ्या बसल्या आणि निवडायला लागल्या. चांगला दाणा पदरात, काळा दाणा मातीत. संध्याकाळी बाभळीखाली काळ्या दाण्यांचा सडा. कावळेही टिपत नव्हते. आणि तिथून नानासाहेबांची जाण्यायेण्याची वाट होती.

"हे बरं दिसत नाही," सिंधूताई म्हणाल्या. "त्यांनी पाहिलं तर हात आखडतील. मग त्यांची ही शेड पण जाईल."

आणि मग मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "दळूनच देऊ या ना. मुठीची ज्वारी आणि ही एकत्र करून."

क्षणभर कोणाला उमगलं नाही. मग सिंधूताईंचा चेहरा असा उजळला! "बाई, तुम्ही बोलत नाही, पण बोलता तर काय बोलता!" कोणीतरी लगेच कारणही जोडून दिलं: दाणे दिले तर लोक दुकानात नेऊन विकतात, पीठ कोण विकत घेतो? झालं. एका वाक्यात आमच्या घाणीला शिस्तीचं नाव मिळालं. गावात तेच सांगितलं गेलं, लोक विकतात म्हणून दळून द्यावं लागतं, आणि सगळ्यांना ते मनापासून पटलं.

मी हे भीतीनं केलं असतं तर निदान स्वतःला एक सबब देता आली असती. माझी नोकरी नानासाहेबांच्या कमिटीच्या हातात होती हे खरं. पण त्या वेळी ते माझ्या डोक्यात नव्हतंच. मला फक्त शहाणी म्हणवून घ्यायचं होतं. सिंधूताईंच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा माझ्या मानेवर काटा आला सुखानं. तो काटा मला अजून आठवतो आणि अंगावरून पाल गेल्यासारखं होतं.

गिरणीतून ते पीठ गरम बाहेर यायचं तेव्हा वास असह्य व्हायचा. गिरणीवाला तोंडाला उपरणं बांधून उभा राहायचा. "बाई, हे माह्या जात्याले बी कसंतरीच करून राह्यलं," म्हणायचा. थंड झालं की वास दबायचा. रंग जरासा करडा. चिमटीत घेऊन दूरवरून पाहिलं तर पीठच. दाण्याचा चेहरा असतो, चांगला कोण, वाईट कोण हे दिसतं. पिठाला चेहरा नसतो. जन्मभर दाणे निवडत आलेल्या बायकांकडून मी त्यांचं निवडणं काढून घेतलं होतं.

हे सगळ्यांत आधी बोलून दाखवलं कासाबाईनं. गावाच्या टोकाला तिचं घर. नवरा नव्हता, शेताचा एक तुकडा होता, त्यात त्या वर्षी धसकटंसुद्धा नव्हती. स्वतः धडधाकट बाई, खडीवर गेली असती. पण तिची लेक शांता पहिल्या बाळंतपणाला संग्रामपूरकडच्या सासरहून माहेरी आली होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. मुलगा झाला होता. घरात दुसरं माणूस नाही. तान्ह्या लेकराची अंघोळ, बाळंतिणीचा शेक, पाणी लांबून आणायचं. म्हणून कासाबाई कोठीवर होती. बाळंतिणीच्या नावाचं पीठ तिला मिळायचं.

एका वाटपाला तिनं आपला गंज, म्हणजे पातेलं, पुढं केलाच नाही. म्हणाली, "बाई, मले पीठ नोको. दाने द्या."

सिंधूताई अधोली तशीच धरून म्हणाल्या, "दाणे बंद केले. विकता तुम्ही."

"मी कायले इकीन? पोरगी बाळतीन हाय माही. या पिठाची भाकर खाऊन तिचं पोट चाललं, लेकराचंबी चाललं. दाने द्या, मी निवडून घेतो. दाने निवडता येते. पीठ कसं निवडू, सांगा बरं?"

मागच्या बायका थांबल्या. एकीनं आपल्या गंजात बोट घालून नाकाशी नेलं. दुसरीनं नेलं. शेडमध्ये एक कुजबुज उठली आणि नेमके तेव्हाच नानासाहेब आले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते रागावले नाहीत. साखरेसारखेच बोलले.

"कासाबाई, माह्या पेवाच्या ज्वारीले वास येते म्हन्ते तू?"

"येते, मालक."

"बरं. मंग पाहून घेऊ. चूल मांडा हो सिंधूताई. इथंच, सगळ्याइच्या समोर."

तीन दगड आले, तवा आला. सिंधूताईंनी परातीत पीठ मळलं, भाकर थापली. भाजताना धूर आमच्याच तोंडावर आला. ती भाकर फुगली नाही. कडा फाटल्या. मी बाजूला उभी होते, मला वाटत होतं, नानासाहेब स्वतः खातील. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हात माझ्याकडे केला.

"मास्तरीणबाई खातीन. त्या उगाच बोलत नाहीत, अन् खोटं तं बोलतच नाहीत. बाई, तुम्हीच सांगा."

मी तो तुकडा तोंडात घातला. पहिल्यांदा नुसता करपट लागला. मग चावल्यावर तो वास, वास नव्हे, चव, जिभेच्या मागून वर नाकात आली. कडू, आंबट, आणि त्याखाली मातीतल्या कसल्याशा कुजण्याची. तोंडाला पाणी सुटलं, ओकारीचं पाणी. सगळी शेड माझ्याकडे पाहत होती. बाकीच्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते, कासाबाईचे माझ्या गळ्यावर. मी गिळलं. हसले. आणि म्हणाले, "चांगली आहे की. गोड लागते."

"ऐकलं?" नानासाहेब म्हणाले.

शेडमधून एक श्वास सुटला, सुटकेचा. बायकांनी गंज पुढं केले. मागून कोणी पुरुष ओरडला, "फुकटचं खाऊन नाकं मुरडते, काय बे हे!" सिंधूताईंनी कासाबाईला सांगितलं की ज्याला कोठीचं चालत नाही त्याच्यावर कोठीची जबरदस्ती नाही, पुढच्या खेपेपासून तिनं येऊ नये. कासाबाई भांडली नाही. तिनं आपला रिकामा गंज उचलला आणि माझ्याजवळून जाताना अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, "पानी पेऊन घ्या, बाई."

मी घरी जाऊन मोरीत बसले आणि आतडी बाहेर येतील अशी ओकले. मग चूळ भरली, साबणानं हात धुतले, आणि स्वैपाक केला. आमच्या कणगीतल्या वरच्या दाण्यांचा. यांनी विचारलं, "आज काय झालं कोठीत?" मी म्हणाले, "काही नाही."

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. कोठी सुटल्यावर कासाबाई खडीवर गेली. एकटीच्या हातानं ढीग वाढेना, आणि मजुरी ढिगाच्या मापावर. काही दिवसांनी शांताही तिच्या बाजूला बसली. ओली बाळंतीण. लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत. शाळेच्या खिडकीतून जी ठक ठक यायची तिच्यात आता तिचीही होती. ती ओळखू यायची असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि या लेखात मला आणखी एक नको आहे. मला ती ओळखू येत नव्हती. मी खिडकी लावून घ्यायची एवढंच.

दगड वाहून शांताचं अंग बाहेर आलं. बायकांत हे बोलतात आणि पुरुषांत बोलत नाहीत. उठता-बसता त्रास, चालताना त्रास, आणि एक वास, जो तिनं कितीही धुतलं तरी तिला वाटायचं की येतो. सासरी गेल्यावर वर्ष-दीड वर्ष कसंतरी रेटलं. मग त्यांनी मुलगा ठेवून घेतला आणि तिला आईकडे आणून सोडलं. आता ती कासाबाईपाशीच असते. घरात बसून दोर वळते. बाजारात, देवळात कुठं जात नाही. लोक जवळ येऊन नाक मुरडतील अशी तिला भीती वाटते, असं शेजारणी सांगतात. नाक मुरडण्याचा हक्क मुळात कोणाचा होता आणि तो कोणाच्या वाट्याला गेला, हे डोक्यात आलं की वैशाखात मला भाकरी जात नाही.

इतकी वर्षं मी ते घर टाळलं. त्या टोकाला जायची वेळ आली तर देवळामागून वळसा घ्यायची. आणि कोठीची गोष्ट मात्र गावात वाढत गेली. दुष्काळात आमच्या गावानं कोणाला उपाशी झोपू दिलं नाही, असं आम्ही शाळेच्या समारंभात सांगतो. मी टाळ्या वाजवते. सगळ्यांत घाण आवाज कुठला असेल तर तो टाळ्यांचा, आणि त्यातही आपल्या हातांच्या.

गेल्या साली पावसानं ओढ दिली. विहिरींनी लवकर तळ दाखवला. फाल्गुनातच सिंधूताई घरी आल्या, आता त्यांचे केस पिकलेत, पण उत्साह तोच. "बाई, पुन्हा मूठ सुरू करू या. तुम्ही हव्याच." त्यांच्या तोंडून "तुम्ही हव्याच" ऐकलं आणि माझ्या मानेवर पुन्हा तोच सुखाचा काटा उठला. इतक्या वर्षांनी! त्या काट्याची मला अशी शिसारी आली की दुसऱ्याच दिवशी मी देवळामागचा वळसा न घेता सरळ गेले.

कासाबाई अंगणात अंबाडीच्या काड्या सोलत होती. तिनं मला ओळखलं, पण बस म्हटलं नाही. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. की त्या भाकरीला वास होता. की मी खोटं बोलले. की पिठाची युक्तीही माझीच. ती सोलत राहिली.

"मले काय सांगता, बाई? मी काय तुमाले गिळतानी पाह्यलं नाही?"

"मला तुमची क्षमा…"

"ते राहू द्या." तिनं काडी मोडली. "खाल्ली चारचौघांत, अन् सांगून राह्यल्या माह्या आंगनात. एकटीपाशी काऊन? तुमचं पोट हलकं कराले?"

मी परतले. तेव्हा एक फार वाईट विचार माझ्या मनात आला, तोही लिहिते. मला वाटलं, हिनं जरा रडायला हवं होतं. निदान माझ्याबरोबर. मी एवढी सांगायला गेले होते.

मुठीची सभा शाळेतच भरली. नानासाहेब आता थकलेत, खुर्चीत शाल घेऊन बसले होते. सिंधूताई पुढं. बायका सतरंजीवर, पुरुष व्हरांड्यात. मागच्या कोठीची आठवण निघाली, कौतुक झालं, आणि मी उठून उभी राहिले. आयुष्यात मी न विचारता दुसऱ्यांदा बोलत होते. म्हणाले, "त्या वेळी मी सगळ्यांसमोर भाकरी खाल्ली आणि गोड आहे म्हणाले. ती गोड नव्हती. कुजलेली होती. कासाबाई खरं बोलत होती, मी खोटं बोलले."

मी वाट पाहत होते की काहीतरी कोसळेल.

सिंधूताई हसल्या. प्रेमानं हसल्या. "अहो बाई, ते काय आम्हाला माहीत नव्हतं? मीच नाही का थापली होती? मळतानाच मळमळलं होतं मला!" बायकांत खसखस पिकली. व्हरांड्यातून एकजण म्हणाला, "बाईनं गिळली म्हून तं निभावलं बे त्या दिशी. दुसरं कोनी असतं तं थुंकलं असतं." नानासाहेबांनी शालीतून हात काढून मला खाली बसायची खूण केली. "जुनं काऊन उकरून राह्यल्या? तुम्ही तं गावाची लाज राखली, बाई."

म्हणजे माझे आभारच मानले.

मग कोणीतरी विचारलं, यंदा दाणे द्यायचे की पीठ. बहुतेकांचं म्हणणं पडलं, पीठच बरं, लोक विकतात. मी म्हणाले, "दाणे. नाहीतर माझं नाव काढा." सिंधूताई म्हणाल्या, "पाहू, पाहू. चहा आलाय आधी."

बशीतला चहा सोडून मी तशीच कासाबाईकडे गेले. ऊन चढलेलं. ती दारातच उभी होती, डोक्यावर टोपलं घेऊन शेताकडे निघालेली.

"सांगितलं," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"मंग? काय म्हनले?"

"म्हणाले, सगळ्यांना तेव्हाच माहीत होतं."

कासाबाईनं टोपलं खाली ठेवलं. मग आतून, अंधारातून, दोर वळायचा आवाज थांबला आणि शांता बोलली. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज तरुण होता.

"त्याइले माईत होतं, बाई? मंग माह्यं पीठ काऊन बंद केलं?"

सभेत मी हे विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंही नव्हतं. शांताचं नावच माझ्या तोंडून आलं नव्हतं. मी सगळा वेळ माझ्या घासाबद्दल बोलून आले होते.